फक्कीचं दार

बाईंनी मला फसवलं. पैकीच्या पैकी मार्क देऊन फसवलं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं मी त्यांच्याबद्दल इतकं चांगलं लिहिणार आहे की वाचणाऱ्याला वाटावं, हिला तक्रार कसली? तक्रार आहे. तीन वर्षं झाली, ती जागची हललेली नाही.

मारुंजीत माझं जुन्या सामानाचं दुकान आहे. हिंजवडीत नोकरीला आलेली मुलं-मुली दोन-तीन वर्षांत बंगळूरला नाहीतर परदेशी जातात. जाताना पलंग, कपाट, फ्रिज, गाद्या विकायला काढतात. मी घेते. त्याच महिन्यात नवी मुलं येतात, त्यांना मी विकते. घासाघीस हा माझा धंदा आहे आणि स्वभावही. मी भांडखोर आहे असं लोक म्हणतात, ते खरं आहे. पण भांडून सौदा जिंकता येत नाही हे मला बाईंनी शिकवलं. सौदा तीन शब्दांनी जिंकता येतो: आज जमणार नाही. कारण सांगायचं नाही, आवाज चढवायचा नाही, नजर खाली घालायची नाही. माझ्या दुकानात भल्याभल्यांनी या तीन शब्दांवर डोकं आपटलेलं आहे. आजवर मी ते हजारदा वापरले असतील. एकदाच चुकीच्या माणसाला ऐकवले.

बाईंची नि माझी पहिली भेट झाली तेव्हा माझ्या हातात दगड होता.

आम्ही मूळचे मुळशीच्या डोंगरातल्या वाडीवरचे. लग्नानंतर नऊ वर्षं भुकूमच्या वरच्या अंगाला एका प्लॉटवर राखणीला राहिलो. मालक मुंबईला. नवरा राखणदार, मी आंब्याच्या रोपांना पाणी घालायची. दोन्ही मुली त्या खोपटातच चालायला शिकल्या. मी दहावीपर्यंत शिकलेली, म्हणून मालकाचा फोन आला की मीच बोलायची. एका सकाळी फोन आला, प्लॉट विकला. चौथ्या दिवशी जेसीबी आला. राखायला काही उरलं नाही की राखणदारही उरत नाही. आमच्यासारखीच आणखी तीन कुटुंबं होती. आम्ही सगळे पौड रस्त्याच्या कडेला एका मोठ्या जाहिरातीच्या फलकामागं ताडपत्र्या बांधून राहायला लागलो. फलकावर एक हसरं कुटुंब होतं, आईबाप, दोन मुलं, मागं चकचकीत स्वयंपाकघर. आम्ही त्यांच्या पाठीमागं चूल पेटवायचो.

दुसऱ्या महिन्यात एका सकाळी शेजारच्या मोकळ्या जागेत एक बाई दिसल्या. साठीच्या, उंच, सुती साडीचा पदर खोचलेला, पायात पुरुषी चामड्याच्या चपला. एका हातात मोजपट्टी, दुसऱ्या हातात पिशवी. पिशवीतली पांढरी फक्की मुठीतून सोडत त्या जमिनीवर सरळ रेघ ओढत होत्या. फक्की म्हणजे काय ते आम्हाला कुणी सांगायला नको होतं. पाया खणायच्या आधी फक्की पडते, आणि फक्कीच्या मागून जेसीबी येतो. मी दगड उचलला.

"ओ बाई! कोण हाय तुमचा सायब? बोलवा त्याला हितं!"

"साहेब नाही. मी रिटायर झाले."

"मग मोजताय कशापायी?"

"तुझं घर मोजतेय," बाई म्हणाल्या. मान वर केली नाही. "तो दगड दे इकडं. कोपऱ्याला खूण लागते."

आणि मी दिला. माझ्या हातचा दगड आजवर कुणी मागून घेतलेला नाही. तो त्यांनी कसा घेतला, याचा उलगडा मला अजून झालेला नाही.

बाई तीस-बत्तीस वर्षं एका कचेरीत घरांचे नकाशे काढायच्या. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकच वस्तू मागून आणली, त्यांचा नकाशे काढायचा लाकडी फळा. हा फळा भुकूमच्या एका जुन्या इमारतीतल्या त्यांच्या भाड्याच्या खोलीत भिंतीला टेकून असायचा. त्याला कुणी हात लावलेला चालत नसे आणि तो खोलीबाहेर कधी निघत नसे. "तो घरातच राहतो," असं त्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं बोलत. लग्न केलं नव्हतं. का नाही, असं माझ्या नवऱ्यानं एकदा भीत भीत विचारलं, तर म्हणाल्या, "मापात बसलं नाही."

ती मोकळी जागा अण्णांची होती. अण्णा भुकूमचेच, जुने जमीनवाले. निम्मी जमीन विकून झालेली, उरलेलीवर खोल्या बांधून भाड्यानं दिलेल्या. बाईंनी त्यांना गाठून ही जागा वापरायला मागितली.

"काय करनार तितं?"

"घरं बांधणार. चार."

"अवो, परवानगी लागंल त्याला!"

"भिंती नाहीत त्यांना."

बाईंचं डोकं फिरलेलं आहे हे अण्णांना तिथंच कळलं, आणि फिरलेल्या डोक्याशी वाद नको म्हणून ते हो म्हणाले. हे त्यांनीच मला पुढं सांगितलं.

तर बाईंनी जमिनीवर चार खोल्या काढल्या. प्रत्येक दहा बाय बाराची. कोपऱ्यात मोरी, एका बाजूला ओटा, ओट्याखाली सिलिंडरची जागा, आणि पुढं अडीच फुटांची मोकळी फट. ते दार. प्रत्येक कुटुंबाला एक खोली आणि एक नंबर. आमचा तीन. त्या दिवसापासून बाईंनी मला नावानं कधी हाक मारली नाही. "अगं तीन नंबर!" मला राग यायचा. मी म्हटलं, मला नाव हाय. त्या म्हणाल्या, "नाव सगळ्यांनाच असतं. तुला पत्ता नव्हता, तो मी दिलाय."

आम्ही रोज सकाळी कामावर जायच्या आधी एक तास त्या फक्कीच्या घरात राहायचो. आत दारातून जायचं, बाहेर दारातून यायचं. कुणी रेघ ओलांडली की बाई लांबून ओरडायच्या, "भिंतीतून आलास! भिंतीतून भुतं येतात!" माझी धाकटी मुलगी चेंडूमागं धावत तीन भिंती फोडून गेली, तिला परत बोलावून दारातून फिरवून नेलं. अण्णांची म्हैस एकदा आमच्या ओट्यावर बसली. नवरा म्हणाला, "बाई, हिला सांगा की भिंत हाय." बाई म्हणाल्या, "ती भाडं देत नाही. तिला भिंत नसते." आणि स्वतः बाई, एकदा नाग निघाला तेव्हासुद्धा, सगळे चारी दिशांना पळाले आणि त्या लगबगीनं का होईना, दारातून बाहेर पडल्या.

आम्हाला हा पोरखेळ वाटायचा. नवऱ्याला हवेत खिळा ठोकायला लावला. त्यानं ठोकला. लगेच बाईंनी मालक होऊन झापलं, "कुणाला विचारून ठोकला? भिंतीचं प्लास्टर गेलं!" नवरा म्हणाला, "बाई, आता ठोकलाच हाय तर शर्ट तरी अडकवू द्या." मोरीत आंघोळ करून पाणी कुठं जातं ते बघायचं, नळ गळला तर मालकाला कुठल्या शब्दांत सांगायचं, गॅस आधी बंद करायचा की शेगडी, ओला कचरा वेगळा का, करारावर अंगठा उठवायच्या आधी काय वाचून घ्यायचं, वरच्या मजल्यावर राहताना पाटा-वरवंटा कधी वापरायचा नाही. सगळं काहीच नसलेल्या घरात. रस्त्यावरून जाणारे गाड्या थांबवून बघायचे. एकानं फोटो काढला. मी त्याच्या अंगावर धावून गेले, तर बाई ओरडल्या, "तीन नंबर, दारातून!" मी दारातून वळसा घालून जाईपर्यंत तो निघून गेला. राग गिळायला वळसा पुरतो, हे त्या दिवशी कळलं. तेव्हा मान्य केलं नाही.

बाई हे सगळं का करत होत्या, ते त्यांनी एकदाच सांगितलं. मुळशीत खोल्यांना तोटा नव्हता. सूस, मारुंजी, भुकूम, जिथं बघाल तिथं खोल्या उठत होत्या. पण ताडपत्रीतल्या माणसाला कुणी खोली देत नसे, आणि दिली तरी दोन-तीन महिन्यांत बाहेर काढत. बाईंनी म्हणे पन्नासेक घरमालकांकडं जाऊन विचारलं होतं की का काढता? कुणी खिळे म्हणालं, कुणी पाणी म्हणालं. पण जवळजवळ सगळे एक गोष्ट म्हणाले. एकाला खोली दिली, महिन्यात आत नऊ झाले.

म्हणून बाईंचा सगळ्यात मोठा धडा दाराचा. त्या स्वतः लांबच्या नातेवाईक व्हायच्या. डोक्यावर पदर, काखेत बोचकं, आणि तोंडी आमची बोली, जी त्यांना अजिबात यायची नाही. "म्या लई लांबनं आलोय गं माये," असं काहीतरी बाई-पुरुष एक करून बोलायच्या. आम्ही हसून लोळायचो. पण दार आलं की हसू बंद. दारात उभ्या राहून त्या रडायच्या, नवसाचं सांगायच्या, मेलेल्या माणसांची आठवण काढायच्या, आणि आम्ही त्यांना आत घ्यायचं नाही. पाणी द्यायचं. बस कुठून, किती वाजता मिळते ते सांगायचं. म्हणायचं, आज जमणार नाही. दार लावायचं.

मी पहिल्या दिवशी साफ नाकारलं.

"आमच्यात दारात आलेल्याला न्हाई म्हनत न्हाईत, बाई."

"म्हणून तर तुमच्यात दार नाही," बाई म्हणाल्या.

दोन दिवस मी त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना काय जातंय बोलायला, असं म्हणत राहिले. तिसऱ्या दिवशी पाऊस आला. दोन मुली, नवरा आणि मी एका ताडपत्रीत कोपरे धरून उभे राहिलो. शेजारच्या ताडपत्रीत, ज्यांच्याकडं पाहुणे येऊन राहिले होते, अकरा जण होते. चौथ्या दिवशी मी फक्कीच्या दारात उभी राहिले आणि म्हटलं, "या नातेवाईक. बघतेच कशा आत येता ते."

माझ्याइतकं चांगलं 'आज जमणार नाही' कुणाला म्हणता आलं नाही. सुरुवातीला मी कारणं द्यायची: जागा न्हाई, मालक बोलतोय, पोरींची परीक्षा हाय. बाई प्रत्येक कारणावर उपाय काढायच्या. जागा नाही? मी दारात झोपते. मालक बोलतो? मी लपून राहते. "बघितलंस?" त्या म्हणायच्या. "कारण म्हणजे फट. फट दिली की माणूस आत आला. कारण द्यायचंच नाही." माझ्या धंद्याचा सगळा पाया त्या एका सकाळचा आहे. गिऱ्हाईक विचारतं, का नाही कमी होणार? मी सांगतच नाही. बिचाऱ्याला उपाय सुचवायला जागाच राहत नाही.

परीक्षेला खरा घरमालक बसला, अण्णा. त्यांना ते काम इतकं आवडलं की ते धुतलेला सदरा घालून आले. "ह्ये बगा, आपल्याकडं पावनं-रावळं चालनार न्हाई. पानी सकाळचं एक तास. आन् चप्पल भायेर!" माझा नवरा फक्कीच्या रेघेवर बसून म्हणाला, "ह्या मालकापरास ताडपत्री बरी." सगळे हसले, अण्णा सोडून. पण संध्याकाळी अण्णांनीच मारुंजीतल्या त्यांच्या मेहुण्याला फोन लावला आणि आम्हाला शब्दावर खोली मिळाली. दहा बाय बारा. आत पाय ठेवला तर मोरी फक्कीच्या जागीच, ओटा तिथंच. माझ्या थोरलीनं दार लावलं, उघडलं, लावलं, उघडलं. वीसेक वेळा. मी तिला ओरडले नाही. मला स्वतःलाच लावायचं होतं.

बाकीच्या तीन कुटुंबांनाही वर्षभरात खोल्या मिळाल्या. चारांपैकी कुणीही पुन्हा ताडपत्रीत गेलं नाही. हे मी बाईंच्या नावावर लिहिते, आणि जेवढं लिहीन तेवढं कमीच पडेल.

याची किंमत मोजावी लागली. सहाव्या महिन्यात माझी सख्खी नणंद दोन पोरं आणि पत्र्याची पेटी घेऊन दारात उभी राहिली. मी पाणी दिलं. बस सांगितली. आज जमणार नाही म्हटलं. नवरा आत भिंतीकडं तोंड करून बसला होता. नणंदेला पंधरा दिवसांत मीच अण्णांकडं घेऊन गेले आणि खोली मिळवून दिली, पण ती पुढं चार वर्षं माझ्याशी बोलली नाही. बाईंना हे सांगितलं तेव्हा त्या शाबास म्हणाल्या नाहीत. त्यांनी विचारलं, "पाणी माठातलं दिलंस की बाटलीतलं?" माठातलं, म्हटलं. "मग येईल परत," त्या म्हणाल्या. ती आलीच, पाचव्या वर्षी, राखी घेऊन.

खोली मिळाल्यावरही बाईंच्या परीक्षा संपल्या नाहीत. कधीही अचानक यायच्या. एकदा मावशी होऊन, एकदा कुकर विकणारी होऊन, एकदा चक्क काळा चष्मा लावून. बोली दरवेळी नवी, दरवेळी चुकीची. मला सगळ्यात राग कशाचा यायचा, तर त्या चपला घालून तशाच उंबऱ्यात चढायच्या. मी पुसलेल्या फरशीवर! एकदा मी चिडून म्हटलं, "चपला तरी काडा की भायेर." तर बाईंनी मावशीचा आवाज सोडून सरळ स्वतःच्या आवाजात सांगितलं, "परीक्षकानं चपला काढायच्या नसतात. चपला काढल्या की तो पाहुणा झाला. मग मार्क देता येत नाहीत."

हे वाक्य लक्षात ठेवा. मी ठेवलं नाही.

तीन वर्षांपूर्वीची ती दुपार. दुकान नुकतं मोठं केलेलं, महिनाअखेर, सामान ओसंडून चाललेलं. मी जेवायला खोलीवर आले होते. मारुंजीतलीच ती जुनी खोली. दार वाजलं. बाई. वर्षभरात त्या परीक्षेला आल्या नव्हत्या. डोक्यावर पदर नव्हता, बोचकं नव्हतं, चष्माही नव्हता.

"तीन नंबर," त्या म्हणाल्या, "काही दिवस तुझ्याकडं राहू का?"

मला आतून हसू फुटलं. बाई हुशार झाल्या, म्हटलं. एवढी वर्षं सोंगं केली, मी फसले नाही, तर आता सोंगच न घेता आल्या. मी माठातलं पाणी दिलं. त्यांनी ते उभ्यानं प्यायलं, शेवटचा घोट सावकाश.

"चौकातनं साडेचारची बस हाय," मी म्हटलं. "आज जमनार न्हाई."

"किती दिवस ते मला नक्की सांगता येत नाही, पण—"

"आज जमनार न्हाई, बाई."

त्या थांबल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत होते, मार्कांची वाट बघत. मग त्या हसल्या. चांगलं, तोंडभर हसल्या.

"आवाज चढला नाही," त्या म्हणाल्या. "कारण दिलं नाहीस. पाणी दिलंस."

"मग किती?"

"पैकीच्या पैकी."

मी दार लावलं. कडी कुरकुरली. मला इतका आनंद झाला होता की खिडकीतून त्यांना बघायला गेले. बाई भिंतीला हात टेकून वाकून चपला घालत होत्या. शेजारी तो लाकडी फळा भिंतीला टेकवलेला होता. त्यांनी तो काखेत घेतला आणि चौकाकडं गेल्या. मी मनात म्हटलं, बाईंनी या खेपेला सामान पण आणलं, काय नाटकी बाई! संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तोही हसला.

मालकानं काही म्हटलं नसतं. एवढ्या वर्षांनी माझ्याकडं एक म्हातारी राहिली तर कुणी विचारलंही नसतं. हे मी रोज एकदा स्वतःला सांगते.

आठ महिन्यांनी अण्णा दुकानात आले. नव्या खोल्यांना चार कपाटं हवी होती. बोलता बोलता मी विचारलं, बाई दिसल्या न्हाईत बरेच दिवस.

"तुला म्हाईत न्हाई व्हय?" अण्णा म्हणाले. "तिची बिल्डिंग पाडली की. मालकानं आठ दिस दिले. दोन म्हैने माझ्या गोठ्याच्या माळ्यावर व्हती. लई म्हनलं घरात चला, ऐकंल तर शपथ. म्हनली, पावनी म्हनून न्हाई राहनार."

"आमच्याकडं—" मी म्हटलं.

"एका ठिकानी इचारलं म्हनली, पन त्यांचं जमनासं व्हतं. कुनाकडं, ते न्हाई सांगितलं. म्हनली, चांगली मानसं हायेत, नियम पाळत्यात."

त्या दिवशी अण्णांनी जो भाव सांगितला त्या भावात मी चारही कपाटं दिली. अण्णा घाबरले. कपाटं उघडून आतून बघायला लागले.

बाई सापडल्या पौडच्या पुढं, धरणाकडच्या डोंगरातल्या एका वाडीत. तिथली काही घरं बंगल्यांच्या प्लॉटात गेली होती, आणि माणसं समाजमंदिराच्या ओट्यावर राहत होती. बाई मागच्या छोट्या खोलीत. मी नि नवरा टेम्पो घेऊनच गेलो होतो. मोकळ्या जागेत बाई मोजपट्टी धरून उभ्या. मला काही दिसत नव्हतं, मी सरळ त्यांच्याकडं चालत सुटले.

"भिंतीतून आलीस!" बाई ओरडल्या.

खाली बघितलं तर पायाखाली फक्की. मी मागं गेले, वळसा घातला, दारातून आले. वळशात राग गेला, पण रडू राहिलं.

"बाई, त्या दिवशी तुमाला खरंच जागा न्हवती."

"परीक्षा होती."

"फळा कशापायी आनला व्हता?"

"अभिनयाला."

"आन् अण्णाच्या माळ्यावर दोन म्हैने? त्यो बी अभिनय?"

"तुझ्या दाराची कडी कुरकुरते," बाई म्हणाल्या. "खोबरेल घाल."

मग मी ओरडले. आयुष्यात जेवढी भांडले नाही तेवढी भांडले. म्हटलं, आता माझ्या स्वतःच्या दोन खोल्या आहेत दुकानामागं, मागची रिकामी ठेवली आहे, पूर्वेची खिडकी आहे, फळा टेकायला भिंत आहे. फुकट नको तर भाडं घेते, करार करते, अण्णांना साक्षीला आणते. पाहुणी म्हणून नको, भाडेकरू म्हणून चला. एवढा मोठा सौदा मी आजवर कुणापुढं मांडला नव्हता आणि एवढी खाली कधी आले नव्हते. बाईंनी सगळं ऐकून घेतलं. आत गेल्या, स्टीलच्या पेल्यातून माठाचं पाणी आणलं, मला दिलं, नवऱ्याला दिलं.

"पौडची बस पाचला आहे. पण तुम्ही टेम्पोनं आलात, बरंच झालं." मग माझ्याकडं नीट बघून म्हणाल्या, "आज जमणार नाही."

आणि दार लावलं. त्यांची कडी कुरकुरली नाही.

परत येताना नवरा म्हणाला, "काय गं, तू तर कुनालाबी गुंडाळतीस." मी म्हटलं, "तिनं कारनच दिलं न्हाई. गुंडाळू कशाला?"

त्याला दोन वर्षं होऊन गेली. मी दर दोन महिन्यांनी जाते. गाद्या नेते, सतरंज्या नेते, शेगड्या नेते, त्या सगळ्या घेतात आणि ओट्यावरच्या घरांना वाटून टाकतात. वाडीतल्या तीन कुटुंबांना मीच मारुंजीत खोल्या बघून दिल्या. बाईंनी त्यांची परीक्षा घेतली, मालक म्हणून मी बसले. धुतलेली साडी नेसून. आता कळतं अण्णांना ते काम का आवडायचं. पण विषय माझ्या मागच्या खोलीवर आला की बाई पाणी आणायला उठतात.

कडीला मी तेल घातलं. जुनी खोली सोडताना ती कडी मालकाकडून मागून घेतली आणि मागच्या खोलीच्या दाराला लावली. चांगल्या भाड्याला दोनदा गिऱ्हाईक आलं. दोघांना म्हटलं, आज जमणार नाही.

बाई रद्दीचा कागदसुद्धा वाचल्याशिवाय टाकत नाहीत, म्हणून हे छापायला दिलं आहे. समोर बोलले की त्या कडीवर येतात. इथं त्यांना मला थांबवता येणार नाही. बाई, तुम्ही मला दार दिलंत, पत्ता दिलात, धंदा दिलात. माझ्या मुली भिंतीच्या आत वाढल्या त्या तुमच्यामुळं. ते मी जन्मभर मान्य करीन. पण परीक्षा होती, हे मान्य करणार नाही. परीक्षकानं चपला काढायच्या नसतात, हा नियम तुमचाच. मग त्या दुपारी माझं दार वाजवायच्या आधी तुम्ही चपला बाहेर का काढून ठेवल्या होत्या? पाणी आणायला उठू नका. आधी याचं उत्तर द्या.